आपली मंडळी : तिचे दोष व आपलें ऋण

अतिपरिचयानें अवज्ञा होते, हें माणसांच्या बाबतींत जितकें खरें आहे तितकेंच संस्थांच्या बाबतींतही खरें आहे. ज्या घरांत आपण वाढलों त्या घराच्या भिंतीवरील ओल आपणांस जितकी स्पष्ट दिसते तितकी पाहुण्यास दिसत नाहीं. आणि ज्या छपरानें आपणांस कित्येक पावसाळे कोरडें ठेविलें त्याची आठवण मात्र तें गळूं लागेपर्यंत आपणांस होत नाहीं. धर्ममंडळीविषयीं तरुणांच्या मनांत आज जे विचार येतात त्यांचें स्वरूप पुष्कळ अंशीं असेंच आहे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळींत जन्मलेलीं व वाढलेलीं मुलें शाळा सोडून कॉलेजांत जातात, पुण्यामुंबईस नोकरीस लागतात, आणि वर्ष दोन वर्षांतच म्हणूं लागतात कीं, "देवावर माझा विश्वास आहे, पण त्या मंडळीचें नांव काढूं नका." हा उद्गार हल्लीं इतक्या घरांतून ऐकूं येतो कीं, त्याचा शांतपणें विचार करणें विद्यार्थी व पालक या दोघांच्याही हिताचें आहे.

मंडळी निर्दोष आहे असें सिद्ध करण्याचा या लेखाचा हेतु नाहीं. कारण ती निर्दोष नाहीं. सदोष मंडळीविषयींही मनुष्यास डोळे उघडे ठेवून कृतज्ञ राहतां येतें, आणि जो असा कृतज्ञ राहतो त्यालाच तिचे दोष दूर करण्याचें बळ येतें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम या तरुणांची तक्रार नीट ऐकून घेतली पाहिजे. ते म्हणतात : शुक्रवारीं सूर्य किती वाजून किती मिनिटांनीं मावळतो व शब्बाथ केव्हां लागतो हें आमच्या वडीलधाऱ्या माणसांस तोंडपाठ असतें, परंतु शब्बाथाच्या दुपारीं जेवणावरून उठण्यापूर्वीं तीन घरांची निंदा होऊन चुकलेली असते. कोणाच्या ताटांत काय वाढलें आहे, कोणाच्या कानांत काय लोंबतें आहे, कोण सिनेमास गेला होता, यांची चौकशी होते. कोणाच्या घरीं आज चूल पेटली नाहीं याची होत नाहीं. मंडळीच्या अधिकाऱ्यांच्या निवडणुकीच्या वेळीं जे तट पडतात ते पुढील निवडणुकीपर्यंत बुजत नाहींत. दशांशाचा उपदेश मोठ्यानें होतो, हिशेब हळू आवाजांत वाचला जातो. ख्रिस्तांत सर्व एक आहेत असें व्यासपीठावरून सांगतात, आणि सोयरीक जुळविण्याची वेळ आली कीं पणजोबांची जात हळूच विचारतात. ख्रिस्त लवकर येणार असें म्हणणारे लोक भाऊबंदकीच्या दाव्यांत मात्र पुढच्या तीस वर्षांची तरतूद करून ठेवितात.

ही तक्रार तिखट आहे. पण ती सर्वस्वी खोटी आहे असें छातीस हात लावून कोणास म्हणतां येईल? तेव्हां "मुलांस अलीकडे श्रद्धाच उरली नाहीं" असें म्हणून तिला वाटेस लावणें हें न्यायाचें होणार नाहीं. ज्या मुलाला ढोंग बोंचतें त्या मुलाच्या मनांत खरेपणाची चाड जिवंत आहे. आणि ती चाड त्याला बहुधा याच मंडळीच्या शब्बाथशाळेंत लागलेली असते. जो गज घेऊन तो मंडळीचें माप घेतो तो गज मंडळीनेंच त्याच्या हातीं दिलेला आहे, ही गोष्ट मात्र तो विसरतो.

आतां या मंडळीचा इतिहास पाहूं. आपल्याकडे पुष्कळांची अशी समजूत असते कीं, पूर्वींचे लोक फार थोर होते, बिघाड झाला तो आपल्याच पिढींत. इतिहास या समजुतीस आधार देत नाहीं. ॲडव्हेंटिस्ट चळवळीचा उगमच एका मोठ्या चुकींतून झालेला आहे. अमेरिकेंतील विल्यम मिलर नांवाच्या शेतकरी उपदेशकाच्या शिकवणीवरून हजारों लोक ता. २२ ऑक्टोबर १८४४ रोजीं ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहत बसले. कित्येकांनीं त्या वर्षीं शेतांतील पीकही काढलें नव्हतें. तो दिवस मावळला, रात्र सरली, आणि नेहमींसारखीच सकाळ उजाडली. जगानें त्यांची टर उडविली. जे थोडे लोक टिकून राहिले त्यांपैकीं कांहींची पुढें कित्येक वर्षें अशी समजूत होती कीं, ज्यांनीं तो संदेश नाकारला त्यांस कृपेचें द्वार आतां बंद झालें आहे. म्हणजे निराशेबरोबर संकुचितपणाही आला. याच मूठभर लोकांत जोसेफ बेट्स हा निवृत्त जहाजकप्तान, जेम्स व्हाइट हा तरुण उपदेशक व त्याची पत्नी एलन व्हाइट हीं होतीं. १८५० नंतर त्यांची ती संकुचित समजूत हळूहळू गळून पडली, १८६० सालीं मंडळीनें आपलें नांव ठरविलें, आणि १८६३ च्या मे महिन्यांत तिची रीतसर स्थापना झाली तेव्हां तिचे सभासद सुमारें साडेतीन हजार होते. आज ते जगभर दोन कोटींहून अधिक आहेत.

त्या आरंभींच्या काळांतील एक लहानशी गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कप्तान बेट्स यांच्या मतावरून प्रथम हे लोक शब्बाथ संध्याकाळीं सहा वाजतां सुरू करीत. बेट्स हे वयानें व अनुभवानें वडील. त्यांचा शब्द सहसा कोणी मोडीत नसे. परंतु १८५५ सालीं जॉन अँड्रूज या तरुण अभ्यासकानें पवित्र शास्त्राचा शोध करून दाखविलें कीं, दिवसाची सीमा सूर्यास्त ही आहे, घड्याळांतील सहाचा ठोका नव्हे. मंडळीनें आधार तपासला आणि दहा वर्षांची वहिवाट बदलली. आज शुक्रवारीं आपल्या घरांतून सूर्यास्ताची जी वेळ पाहिली जाते ती अशा एका दुरुस्तीचें स्मारक आहे. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं व तरुणांनींही या गोष्टीचा एकदां मिळून विचार करावा.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८५६ सालीं, याहूनही विलक्षण गोष्ट घडली. प्रकटीकरणाच्या पुस्तकांत लावदिकीया येथील मंडळीस एक कडक पत्र आहे. ती ऊनही नाहीं व थंडही नाहीं, स्वतःस श्रीमंत समजते पण वस्तुतः दरिद्री व आंधळी आहे, असा त्याचा आशय आहे. तोंपर्यंत हे लोक तें पत्र इतर पंथांस लावीत असत. जेम्स व्हाइट यांनीं त्या वर्षीं आपल्या पत्रांत असें लिहिलें कीं, हें बोलणें आपणांसच लागू आहे. तेव्हांपासून ही मंडळी आपणांस लावदिकीया म्हणवीत आली आहे. स्वतःविरुद्धचा आरोप आपल्याच उपदेशांत कायमचा नोंदवून ठेवणाऱ्या संस्था जगांत फार नाहींत. तेव्हां मंडळी कोमट आहे असें म्हणणारा तरुण कांहीं नवीन शोध लावीत नाहीं. तो आपल्या आजोबांच्याच शिकवणीची उजळणी करीत आहे.

तथापि आरोप नोंदविणें निराळें व सुधारणें निराळें. १८८८ सालीं मिनीआपोलिस येथें भरलेल्या सर्वसाधारण सभेंत वॅगनर व जोन्स या दोन तरुण संपादकांनीं असें प्रतिपादन केलें कीं, नियमशास्त्राचा घोष करितां करितां आपण ख्रिस्तावरील विश्वासानें मिळणाऱ्या नीतिमत्त्वास मागें टाकलें आहे. पुष्कळ जुन्या पुढाऱ्यांनीं त्यांस कडवा विरोध केला. एलन व्हाइट यांनीं मात्र त्या तरुणांची बाजू उचलून धरली. पुढें ते दोघे तरुणही मंडळीपासून दुरावले, हें येथें सांगितलें पाहिजे. कारण सत्य सांगणाराही निर्दोष असतो असें नाहीं. १९०१ सालीं, सर्व सत्ता बॅटल क्रीक येथील मोजक्या माणसांच्या हातीं एकवटली आहे हें ओळखून, मंडळीच्या कारभाराची पुनर्रचना करावी लागली.

यानंतरचे दोन प्रसंग अधिक दुःखाचे आहेत. पण मुलांपासून ते लपवूं नयेत. १९४३ सालीं ल्यूसी बायर्ड नांवाची एक कृष्णवर्णी ॲडव्हेंटिस्ट बाई अत्यवस्थ स्थितींत वॉशिंग्टनजवळच्या आपल्याच मंडळीच्या रुग्णालयांत आली. तिचा वर्ण लक्षांत येतांच तिला तेथें ठेवून घेण्यास नकार मिळाला; तिला दुसऱ्या रुग्णालयांत न्यावें लागलें व तेथें तिचा अंत झाला. एकाच शब्बाथास एकाच देवाची उपासना करणाऱ्यांनीं तिला दारांतून परत पाठविलें. दुसरा प्रसंग जर्मनींतील. हिटलरच्या अमदानींत तेथील मंडळीच्या पुढाऱ्यांनीं आपली संस्था वांचविण्यासाठीं त्या राजवटीशीं जुळतें घेतलें, आणि यहुदी वंशांत जन्मलेल्या आपल्याच सभासदांस दूर सारलें गेलें. जर्मनी व ऑस्ट्रिया येथील मंडळ्यांनीं २००५ सालीं याविषयीं उघड खेद प्रकट केला. दुसरें महायुद्ध संपून तेव्हां साठ वर्षें झालीं होतीं. साठ वर्षें हा विलंब लहान नव्हे.

वादही संपलेले नाहींत. स्त्रियांस पाळकपदाची दीक्षा देण्याचा निर्णय त्या त्या विभागाकडे सोंपवावा कीं काय, हा प्रश्न २०१५ सालीं सॅन अँटोनियो येथील सर्वसाधारण सभेपुढें आला. ९७७ मतें अनुकूल पडलीं, १,३८१ प्रतिकूल. ज्या मंडळीच्या संस्थापकांत एलन व्हाइट यांच्यासारखी स्त्री अग्रभागीं होती त्या मंडळींत या प्रश्नावर असें अंतर पडावें, याचें कित्येकांस दुःख होतें. आणि निर्णय झाला तोच योग्य झाला असें मानणारेही कित्येक आहेत. दोन्ही पक्षांचे लोक दुसऱ्या शब्बाथास एकाच बांकावर बसतात.

इतके दोष सांगितल्यावर वाचक म्हणेल, मग कृतज्ञ राहावें तें कशाबद्दल? आतां वहीचें दुसरें पान उघडूं.

ज्या चाळिशीच्या सुमारास ल्यूसी बायर्ड यांस परत पाठविलें गेलें, व जर्मनींतील पुढारी वांकले, त्याच वर्षांत फ्रान्समध्यें जॉन वाइडनर नांवाचा एक ॲडव्हेंटिस्ट तरुण काय करीत होता तें पाहा. तो एका डच पाळकाचा मुलगा. सालेव्ह डोंगराच्या पायथ्याशीं कोलोंज या गांवीं ॲडव्हेंटिस्टांचें एक विद्यालय आहे. तेथें त्याचें बालपण गेलें होतें, आणि तेथून स्वित्झर्लंडची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. लहानपणीं पायांखालीं घातलेल्या त्या डोंगरवाटांनींच त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं छळापासून पळणाऱ्या लोकांस सरहद्दीपार नेलें. डच-पॅरिस या नांवानें प्रसिद्ध असलेल्या या गुप्त मार्गानें सुमारें एक हजार जीव वांचले, आणि त्यांत सुमारें आठशें यहुदी होते. त्याची बहीण गॅब्रिएल पॅरिस येथें मंडळीच्या कचेरींत काम करीत असे. १९४४ सालीं तिला पकडून नेलें, आणि १९४५ च्या आरंभीं जर्मन छावणींत तिचा अंत झाला. इस्राएलच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेनें १९६३ सालीं वाइडनरचा गौरव केला. त्या भावंडांस हें धैर्य कोठून आलें? ज्या शब्बाथशाळेंत जर्मनीचे ते भित्रे पुढारी शिकले तशाच शब्बाथशाळेंतून. एकाच शेतांत गहूं व निदण हीं दोन्हीं वाढतात, हा येशूचा दाखला शेतकऱ्याच्या पोरास समजावून सांगावा लागत नाहीं. निदण दिसलें म्हणून पीक पेटवून देणारास आपण शहाणा म्हणत नाहीं.

आपल्या देशाकडे वळूं. १८९५ सालच्या जानेवारींत जॉर्जिया बरस नांवाची एक अविवाहित तरुणी एकटी कलकत्त्यास उतरली. या देशांत नियमितपणें काम करण्यासाठीं आलेली ती पहिली ॲडव्हेंटिस्ट मिशनरी. मंडळीनें तिला प्रवासखर्च दिला खरा, पण भाषा शिकेपर्यंत आपला चरितार्थ तिनेंच पाहावा अशी अट होती. मंडळीचा हा हिशेबीपणा म्हणावा तितका शोभादायक नव्हता. तरी ती आली, बंगाली शिकली, मुलींस शिकवूं लागली, आणि सुमारें चाळीस वर्षें या देशांत राबली. १८९९ सालच्या अखेरीस कर्माटार येथें, जेथें ईश्वरचंद्र विद्यासागर यांनीं आपल्या उत्तरायुष्याचीं वर्षें काढलीं त्याच गांवीं, रॉबिन्सन व ब्राउन हे दोन मिशनरी एकाच महिन्यांत देवीच्या रोगानें वारले. त्यांच्या मागून इतर आले. १९१५ सालीं कोइमतूर येथें जी लहानशी शाळा निघाली तीच पुढें स्पायसर कॉलेज होऊन १९४२ सालीं पुण्यास आली, आणि २०१४ सालीं तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मंडळीचा छापखानाही १९२४ सालीं पुण्यास आला. या संस्थांतून ज्यांच्या घरांतील पहिला शिकलेला मनुष्य निघाला अशीं कुटुंबें महाराष्ट्रांत आहेत. त्यांच्या नातवंडांस आज इंग्रजी बोलतां येतें व मंडळीच्या उणिवा त्या भाषेंत उत्तम रीतीनें मांडतां येतात.

देहाच्या आरोग्यासंबंधींही असेंच. तंबाखू व दारू वर्ज्य करावी, साधा व बहुतांशीं शाकाहार ठेवावा, उघड्या हवेंत श्रम करावे, ही शिकवण १८६३ पासून मंडळींत चालत आली आहे. कॅलिफोर्नियांतील ॲडव्हेंटिस्टांच्या आयुर्मानाची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष २००१ सालीं प्रसिद्ध झाले. तेथील इतर गोऱ्या रहिवाशांपेक्षां ॲडव्हेंटिस्ट पुरुष सरासरीनें ७.३ वर्षें व स्त्रिया ४.४ वर्षें अधिक जगतात असें त्यांत आढळलें. आपल्या घरांतून दारूची बाटली नाहीं याचें अनेक मुलांस मोल वाटत नाहीं. शेजारच्या घरांत ती आहे त्या घरच्या मुलास विचारून पाहावें.

आणि शब्बाथ! आठवड्यांतून एक दिवस बाजार नाहीं, कचेरी नाहीं, परीक्षेचा अभ्यास नाहीं, धन्याचा हुकूम नाहीं. हातांतील मोबाईलनें ज्यांची झोपही विकत घेतली आहे अशा आजच्या पिढीस या दिवसाची किंमत पूर्वजांपेक्षां अधिक कळावयास हवी. शुक्रवारच्या तिन्हीसांजेस ज्या घरांत सर्व माणसें एकत्र बसतात, गीत गातात, प्रार्थना करितात, त्या घरांतील मुलांस कांहीं ठेव मिळते; ती पुढें कोणत्याही पगारांत मिळत नाहीं. शनिवारीं परीक्षा आली म्हणून एखाद्यास कधीं नुकसानही सोसावें लागतें. तें सोसतांना विवेकाची किंमत द्यावी लागते, हा धडा त्याला लहानपणींच मिळतो, व तो पुस्तकांतून मिळत नाहीं. शब्बाथशाळेचे पाठही असेच. जेम्स व्हाइट यांनीं १८५२ सालीं मुलांसाठीं पहिले पाठ लिहिले. आज केनियांतील, ब्राझीलमधील व पुण्यांतील सभासद एकाच आठवड्यांत तोच पाठ वाचतो. खेड्यांतील एखादी अल्पशिक्षित आजीही त्या जागतिक वर्गाची विद्यार्थिनी असते.

येथें एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल, "हें सर्व चांगलें मी घेतों, पण देवाची भक्ति घरांतच करीन. मंडळी कशास हवी?" यास उत्तर असें कीं, एकट्यानें केलेली भक्ति शुद्ध वाटते याचें कारण तींत दुसऱ्याशीं संबंधच येत नाहीं. क्षमा करावयास कोणी अपराधी लागतो. सहनशीलता शिकावयास कोणी त्रासदायक मनुष्य लागतो. प्रभुभोजनापूर्वीं एकमेकांचे पाय धुण्याची चाल या मंडळींत आहे. ज्याच्याशीं सहा महिने बोलणें नव्हतें त्याच्यापुढें तपेली घेऊन वांकणें हें घरांतील खोलींत एकट्यास करितां येत नाहीं. ती चाल कित्येकदां नुसता उपचार होऊन बसते हें खरें. पण जेव्हां ती उपचार राहत नाहीं तेव्हां दोन कुटुंबांचें वैर त्या पाण्यांत वाहून जातें. शिवाय, दोष नसलेली मंडळी शोधावयास निघालेल्यानें करिंथ येथील मंडळीची स्थिति एकदां वाचावी. तेथें तट होते, कोर्टकज्जे होते, प्रभुभोजनाच्या वेळीं श्रीमंत पोट भरीत व गरीब उपाशी राहत. तरीही पौल त्यांस पवित्र जन म्हणून संबोधितो, त्यांच्याबद्दल प्रथम उपकारस्तुति करितो, आणि मग त्यांची कडक खरडपट्टी काढितो. त्या पत्रांतील हा क्रम अभ्यासण्यासारखा आहे.

परंतु कृतज्ञता म्हणजे मौन, असा अर्थ कोणीं करूं नये. झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण धर्ममंडळीस लावणें धोक्याचें आहे. मंडळीच्या पैशांत अफरातफर झाली, एखाद्या विधवेवर अन्याय झाला, एखाद्या मुलामुलीशीं कोणी वाईट वागला, तर "मंडळीचें नांव खराब होईल" म्हणून गप्प बसणें हें मंडळीवरील प्रेम नव्हे. तें तिच्यावर होणाऱ्या घावास हातभार लावणें आहे. अशा वेळीं मुलानें निर्भयपणें आईबापांस सांगावें, आणि आईबापांनीं मुलावर विश्वास ठेवून योग्य त्या ठिकाणीं, प्रसंगीं सरकारदरबारींही, दाद मागावी. ल्यूसी बायर्ड यांच्या मृत्यूनंतर अमेरिकेंतील कृष्णवर्णी सभासद गप्प बसले नाहींत. त्यांनीं संतापानें न्याय मागितला. १९४४ सालीं कृष्णवर्णी पुढाऱ्यांच्या हाताखालीं स्वतंत्र विभाग निघाले. एकच मंडळी व दोन कारभार, हा उपाय पुरता समाधानकारक होता असें म्हणवत नाहीं; परंतु त्यांनीं ज्या धैर्यानें आपला हक्क मागितला तें धैर्य मंडळी सोडून जाणाऱ्याच्या अंगीं असण्याचें कारणच उरत नाहीं. स्वतःचें मानलेल्या घराचेंच छप्पर मनुष्य शाकारतो.

आतां पालकांस दोन शब्द. मुलें मंडळीपासून दूर जातात तीं बहुधा व्यासपीठावरील उपदेशामुळें जात नाहींत. तीं घरांतील बोलण्यामुळें जातात. शब्बाथाच्या जेवणाबरोबर पाळकाच्या उपदेशाचीं सालें काढण्याची ज्या घरीं रीत आहे त्या घरच्या मुलास मंडळीचा आदर कोठून यावा? उलट, मंडळींत कधीं कांहीं चुकतच नाहीं असें जें घर भासवितें त्या घरच्या मुलास पहिली चूक दिसतांच सारेंच खोटें वाटूं लागतें. मुलांस १८४४ ची निराशा सांगावी, १८५५ ची दुरुस्ती सांगावी, १९४३ चा अन्यायही सांगावा, आणि त्याबरोबर वाइडनर भावंडांची गोष्टही सांगावी. मुलाच्या प्रश्नास "असें विचारूं नये" हें उत्तर नव्हे. उत्तर येत नसेल तर "आपण मिळून शोधूं" असें म्हणावें. अँड्रूज यांस कोणीं तसें म्हटलें नसतें तर सूर्यास्ताचा प्रश्न सुटलाच नसता.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसही थोडें सांगावयाचें आहे. मंडळींत प्रेक्षक म्हणून बसलेल्यास दोष फार दिसतात. काम करणारास ते तितकेच दिसतात, परंतु त्यांबरोबर माणसेंही दिसूं लागतात. लहान मुलांचा एक वर्ग शिकवावयास घ्या, आजाऱ्यास भेटावयास जा, हिशेब लिहावयास मदत करा. ज्याच्याविषयीं तक्रार असेल त्याला एकांतांत प्रत्यक्ष भेटून सांगा; येशूनें हाच मार्ग घालून दिला आहे, आणि मोबाईलवरील गटांत चारशें लोकांपुढें लिहिण्यापेक्षां तो कठीण आहे. आणि एखाद्या सायंकाळीं वही घेऊन अशा दहा माणसांचीं नांवें लिहा कीं, ज्यांनीं या मंडळींत तुम्हांस कांहीं दिलें : ज्या बाईंनीं पहिली प्रार्थना शिकविली, ज्या काकांनीं शाळेची फी भरली, ज्या वडिलांनीं तुमच्या घरच्या मयताच्या रात्रीं पहांटेपर्यंत सोबत केली. मग शेजारच्या पानावर दोष लिहा. दोन्ही पानें खरीं असूं द्या. एका पानावरून निकाल देऊं नका.

या शाळेंत हिंदु, मुसलमान, बौद्ध व इतर ख्रिस्ती घरांतील मुलेंही शिकतात. त्यांसही हें सर्व आपापल्या समाजाच्या बाबतींत ताडून पाहतां येईल. कारण घरोघरीं मातीच्याच चुली. आपला समाज सर्वांत श्रेष्ठ आहे असें म्हणावयास फारसें शहाणपण लागत नाहीं, आणि तो टाकाऊ आहे असें म्हणावयासही लागत नाहीं. त्याच्या उणिवा ठाऊक असतां त्याचें ऋण मानणें, व ऋण मानीत असतां त्याच्या उणिवांस हात घालणें, हें मात्र शिकावें लागतें.

ख्रिस्त येईल या आशेनें या मंडळीचे पूर्वज १८४४ सालीं वाट पाहत बसले. ती तारीख चुकली. परंतु दुसऱ्या दिवशीं उठून त्यांनीं शेतें कापलीं, पुढें शाळा काढल्या, रुग्णालयें बांधलीं, आणि तीच आशा उराशीं धरून तें काम चालू ठेविलें. त्यांच्या हातून चुका झाल्या, आपल्याही हातून होतील. आपल्या मागून येणारीं मुलें आपलेही दोष काढतील. त्यांनीं ते काढावे, आणि आपल्याकडून त्यांस जें मिळेल त्याचेंही स्मरण ठेवावें. असें कांहीं त्यांस मिळेल इतकें काम आपल्या हातून होवो, हीच देवाजवळ प्रार्थना.